देवीच्या आधी मारलेला भुरका

हॉटेलच्या धंद्यात माझं उभं आयुष्य गेलं. त्यामुळं मला कित्येक वर्षांपासून कॉलेजांत भाषणाला बोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, तुमच्या करिअरनं तुम्हाला काय शिकवलं?" मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, मी ज्यांच्या हाताखाली कांदे चिरत मोठा झालो त्या उडपी अण्णांची. अण्णा म्हणायचे, चाखल्याशिवाय भांडं चुलीवरून उतरवायचं नाही, मग ते तुझ्या आईनं रांधलेलं का असेना. दुसरी, पुढं ज्यांच्याकडं मॅनेजर झालो त्या मालकांची. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर कबूल करायची नाही, हसतमुख राहायचं, आत नेऊन निस्तरायचं. पोरं ते वहीत उतरवून घेतात. टाळ्या होतात.

भोर-वेल्ह्याची गोष्ट मी भाषणात कधी सांगितली नाही. ती सांगायला तोंडच नाही. पण तिकडं न गेलेल्या माणसानं तिकडं कसं जावं आणि कसं जाऊ नये, हे लिहून ठेवायला हरकत नसावी. मोबाईल नुकते खिशात आले होते त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

शिवरे

आमच्या कंपनीची पुण्यात तेव्हा अकरा रेस्टॉरंट होती आणि त्या सगळ्या स्वयंपाकघरांचा कारभार माझ्याकडं होता. नव्या मेन्यूत मावळी थाळी घालायची असं वर ठरलं होतं. त्यासाठी अस्सल आंबेमोहोर पाहिजे, बाजारातला मिसळलेला नको, म्हणून मी स्वतः निघालो. भातकापणी नुकतीच संपली होती आणि हवेत गारवा होता.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला नाश्त्याला थांबलो. तिथं बसून खाणं मला कधी जमलंच नाही. मी सरळ आत शिरलो. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, मी चमचा ठेवतो. तो काढला, रश्श्याच्या पातेल्यात बुडवला, भुरका मारला आणि म्हणालो, "मीठ कमी आहे."

मालकीणबाईंनी कमरेवर हात ठेवून मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पुण्याचं दिसताय," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या लोकास्नी दुसऱ्याच्या घरात मीठ कमीच लागतं. भाईर बसा, आणून देते."

मी हसलो. गाडीत बसल्यावरसुद्धा हसत होतो. ती बाई मला फुकट शहाणपण देत होती आणि मला वाटत होतं, काय फटकळ बाई आहे!

भोर

भोरच्या बाजारपेठेत शब्बीरभाईंचं तांदळाचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं असं की शेजारच्या वाडीतला शेतकरीच बोलतोय. कंपनीला ते आधी थोडाफार तांदूळ पाठवायचे, पण भेट पहिलीच. मला वाटलं होतं दुकानात नमुने बघू आणि संध्याकाळपर्यंत परत जाऊ. कसलं काय! त्यांनी दुकानाची फळी ओढली आणि मला घरी जेवायला नेलं.

भाभींनी तांदळाच्या भाकरी आणि मटणाचा पातळ रस्सा केला होता. भाकरी इतकी मऊ की तोंडात कधी गेली कळत नव्हतं. आमच्याकडं पाहुण्याला ताटभर वाढून मोकळे होतात. इथं एकेक भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि "आता बास" म्हटलं की आणखी एक येत होती. शब्बीरभाई स्वतः जेवायला बसलेच नाहीत, पाहुण्याचं होईपर्यंत बसायचं नसतं म्हणे. मी मनात नोंद केली की हे आमच्या वेटरांना शिकवायला पाहिजे. मी हे असं सगळीकडं करतो. लोक प्रेमानं वागतात आणि मी त्याचं ट्रेनिंग बनवतो.

दुपारी उत्रोलीला गेलो. मळणी चालली होती, खळ्यावर भात वाऱ्याला लावत होते. तांदूळ बरा होता. मी दाणा दातानं फोडला आणि म्हणालो, "याहून वासाचा मिळेल?"

शब्बीरभाईंनी हातातला मूठभर भात परत राशीवर टाकला. मग म्हणाले, "मिळंल. वेल्ह्याच्या पल्याड एक गाव हाय. पर ते भाईरच्याला इकत न्हाईत. उद्या देवीचं गावजेवण हाय त्यांचं. वीस वर्सं झाली, त्या जेवणाला गूळ माझ्याकडनं जातो. मला पान आसतं. चला तुमी माझ्यासंगं. जेवा, वळख करा. तांदळाचं काय बोलायचं ते म्या मागनं बोलंन."

मी खुश झालो. तेवढ्यात त्यांनी माझ्या खिशाकडं बोट केलं.

"एक ध्यानात ठिवा साहेब. तितं देवीला निवेद जाईस्तोवर कुणी काय तोंडात घालत न्हाई. आचारीबी चाखत न्हाई. चाखलं की उष्टं झालं, समदं फेकून द्यावं लागतं."

"आणि मीठ?"

"ते आबांला इचारा, तितल्या आचाऱ्याला."

म्हणजे मला सांगितलं नव्हतं असं नाही. चांगलं स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती.

वेल्ह्याच्या पुढं

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्बीरभाईंच्या जीपमधून निघालो. गुळाच्या ढेपा मागं होत्या. कापूरहोळवरून हायवे धरला, नसरापूरला आत वळलो, मार्गासनी मागं टाकलं. मग डोंगर जवळ यायला लागले. वेल्ह्यात तोरणा असा अंगावर येतो की मान वर करून बघताना टोपी पडावी. वेल्ह्याच्या पुढं रस्ता म्हणजे नावालाच होता. एका ओढ्यात जीप अडकली, मी बूट हातात घेऊन खाली उतरलो आणि शेवाळावरून घसरून बसलो. शब्बीरभाई पोट धरून हसले. तिथंवर सगळी मजाच होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी काही वाईट केलेलं नाही, पण माझ्यामुळं त्यांच्याकडं कुणी बोट दाखवायला नको.

देवळामागं मांडव घातला होता. जमिनीत चर खणून तीन चुली पेटवल्या होत्या. एकीवर भात, एकीवर लापशी आणि एकीवर आमटीची काहील. घराघरांतून डाळ-तांदूळ आलेले. आणि या सगळ्याच्या मधोमध धोंडिबाआबा. उंच, वाळकी अंगकाठी, धोतर वर खोचलेलं आणि नाकातोंडावर पांढरं फडकं बांधलेलं, श्वासही अन्नावर पडू नये म्हणून. हातात पुरुषभर उंचीचा लाकडी पळा. तो देवीचा पळा. त्यांच्या आज्यापासून त्यांच्या घरात होता, आणि ज्याच्या घरात पळा त्याच्याच हातचं देवीला लागतं.

सत्तरीतला तो म्हातारा दीड हजार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आमच्या कुठल्याही शेफपेक्षा शांत होता. आरडाओरडा नाही. नुसती भुवई हलवली की माणसं लाकूड मागं ओढत. ते चुलीपासून लांब आले, फडकं खाली ओढलं आणि मला रामराम केला. मी लगेच विचारलं, "आबा, न चाखता मिठाचा अंदाज कसा येतो?"

"मुठीला कळतं की," ते म्हणाले. मूठ उघडून दाखवली. "जिभंचं काय खरं न्हाई पाव्हणं. ताप आला की जीभ पालटली. तंबाखू खाल्ली, पालटली. भांडान झालं घरात, तरी पालटती. मूठ पालटत न्हाई."

वा! मी डायरी काढून तिथंच लिहून घेतलं. पुढच्या भाषणाला होईल म्हणून. तिसरा धडा मिळाला असं वाटलं. आबांना त्याची गंमत वाटली. "माजं लिवून घ्येताय व्हय?" म्हणाले आणि लाजले.

आमटी झाली. आबांनी तिच्यावर पितळी परात झाकली आणि ते ओढ्यावर हातपाय धुवायला गेले, निवेद काढायच्या आधी धुवावे लागतात म्हणून. बाकीची माणसं पुढं पत्रावळी मांडत होती. शब्बीरभाई गूळ उतरवून देत होते. चुलीपाशी मी एकटा.

आता हे कसं सांगू? मी काही ठरवलं नव्हतं. परातीच्या फटीतून वाफ येत होती आणि त्या वासानं माझा हात आपोआप हलला. अठ्ठावीस वर्षं झाकण दिसलं की उचललं, चमचा बुडवला. तसंच उचललं. तसाच बुडवला. भुरका मारला. आमटी उकळती होती, जीभ पोळली, आणि त्याच क्षणी मागं कुणीतरी खाकरलं. मी ती तशीच गिळली, परात ठेवली आणि चमचा खिशात कोंबला. मग भान आलं. अरे, हे काय केलंस तू?

मागं कुणीही नव्हतं. एक म्हैस होती.

मी मांडवाच्या दाराबाहेर येऊन उभा राहिलो. कुणी बघितलं नाही ना, एवढंच डोक्यात. पुढं बसलेली दोन-चार माणसं माझ्या छातीकडं बघत होती. खिशात मोबाईल होता, मला वाटलं त्याच्याकडं बघतायत. मी तर तो जरा वर काढून ठेवला.

आबा आले, मागोमाग गुरव ताट घेऊन आले. गुरवांनी परातीकडं बघितलं आणि थांबले. परात वाकडी बसली होती. काहिलीच्या काठावरून आमटीचा ओघळ आला होता आणि सारवलेल्या जमिनीवर चार थेंब पडले होते, चुलीपासून मांडवाच्या दारापर्यंत.

"कुणी चाखलं?" गुरवांनी विचारलं.

लापशी ढवळायला परत आलेला माणूस थांबला. गावचे म्हातारे तात्या, ज्यांचा शब्द गावात चालतो, ते काठी टेकत आत आले. "कुणी चाखलं आसंल त्यानं सांगा," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते. आता कळतं, ते माझ्याकडं बघतही नव्हते, मुद्दाम वर छपराकडं बघत होते.

मला बोलायचं होतं. खरंच होतं. तोंड उघडलं आणि मालकांचा आवाज कानात आला, सगळ्यांसमोर नाही, आत नेऊन निस्तर. थांबू. नंतर तात्यांना बाजूला घेऊन सांगू. मी चेहऱ्यावर हसू ठेवलं. हो, हसू! बिलात घोळ झाल्यावर टेबलापाशी उभं राहून हसतो तेच.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग छातीवरच्या खिशाकडं. मग नाकावरचं फडकं सोडलं.

"म्या चाखलं," ते म्हणाले. "मिठाची शंका आली."

आबांनी पळा काहिलीला टेकला होता तसाच ठेवला आणि मांडवाबाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. चौघांनी काहील उचलून आमटी गुरांच्या गव्हाणीत ओतली. तात्यांनी दुसऱ्या घरच्या एका माणसाला खूण केली. त्यानं हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि पळा उचलला. नवी डाळ शिजायला दोन तास लागले. माणसं पत्रावळींपुढं उपाशी बसून राहिली. त्या दोन तासांत मी किमान दहा वेळा उठून बोलायचं ठरवलं. दर वेळी वाटलं, आता आणखी उशीर झालाय, आता बोललो तर आणखी वाईट दिसेल.

निवेद गेला आणि पंगत बसली. पहिलं पान पाहुण्याचं, म्हणून मला देवळाच्या उजव्या हाताला मानानं बसवलं. नव्या माणसाची आमटी खारट झाली होती. सगळे मुकाट्यानं जेवले. आंबेमोहोराचा भात काय वर्णावा, वाफ नाकात गेली की पोट भरावं असा. मी पानावरचा घास चिवडत होतो आणि वाढणारा "घ्या की पाव्हणं, लाजू नगा" म्हणत होता. आबा पंगतीत कुठं दिसले नाहीत.

परतताना वेल्ह्यात चहाला उतरलो तेव्हा शब्बीरभाई म्हणाले, "साहेब, सदरा बदला."

मी खाली बघितलं. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर तळहाताएवढा पिवळाधम्मक डाग. हळदीचा.

"हा सगळ्यांनी बघितला?" मी खिसा तळहातानं झाकत विचारलं.

"गावात आंधळं कुणी न्हाई."

मला रडू आलं. चहाच्या टपरीवर, पंचेचाळीस वर्षांचा माणूस. शब्बीरभाई चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "म्या नेलं हुतं तुमास्नी. वीस वर्सांत पयल्यांदा त्या गावातनं मान खाली घालून आलो." एवढंच बोलले. त्या रात्री त्यांनी मला घरी नेलं, जेवू घातलं, अंथरूणही घातलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुन्हा तिथंच

सकाळी मी म्हणालो, मला परत न्या. त्यांनी काही न विचारता जीप काढली.

तात्या देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. आजूबाजूला पाच-सहा माणसं. या वेळी मी कुणाला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "तात्या, काल आमटी मी चाखली. आबांनी नाही. त्यांचा पळा काढून घेऊ नका."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. मळणं थांबलं नाही.

"मग त्यांचा दोष काय?"

"चाखण्याचा दोष न्हाईच. पाव्हणा चाखतो, पाव्हण्याला काय ठावं? तुमी बोलला आसता तर देवीपुढं नारळ फोडला आसता, आबानंच दुसरी आमटी टाकली आसती, हसलो आसतो समदी. आमी वाट बघत हुतो तुमची." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पर तुमी न्हाई बोलला, आन् आबा देवीच्या दारात खोटं बोलला. खोटं बोलल्याच्या हातात देवीचा पळा ऱ्हात न्हाई. आजा आसता तरी ऱ्हायला नसता."

"पण ते माझ्यासाठी खोटं बोलले!"

"व्हय. ते बी ठावं हाय." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमी का वो न्हाई बोलला?"

पाच-सहा माणसं उत्तराची वाट बघत होती. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. माझ्या धंद्यात असं शिकवतात, हे त्यांना काय सांगणार? मग तात्याच म्हणाले, "जावा, आबा खळ्यावर हाय."

आबा पेंढा रचत होते. मला बघून त्यांनी घोंगडी झटकून अंथरली आणि आत चहा टाकायला सांगितलं. मी पायाला हात लावायला वाकलो तर मागं सरकले. मी सगळं बोललो, तात्यांना सांगितलं तेही बोललो, माफी मागितली. रडलो असेन.

"का सावरून घेतलंत मला?" मी विचारलं. "आपली ओळख एका सकाळची."

"तुमचं त्वांड लई उतरलं हुतं वो," आबा म्हणाले. "हसत हुता, पर उतरलं हुतं. माजं लिवून घेतलं हुतं तुमी वहीत. गावाफुडं मान खाली घालून जाया नगं वाटलं."

"आणि पळा?"

"गेला." त्यांनी पेंढ्याची काडी मोडली. डोळे पुसले नाहीत, पण चेहरा दुसरीकडं वळवला. "वाईट वाटतंया. न्हाई कसं वाटंल? बापानं हातात दिला हुता."

चहा आला. चहा संपल्यावर ते जरा जवळ सरकले, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं.

"एक सांगा पाव्हणं. चाळीस वर्सं देवीची आमटी केली, पर कालची ती माजी शेवटची. ती गुरांनी खाल्ली. मानसात म्हंजी तुमीच येकटं चाखणारं." ते माझ्या तोंडाकडं बघत होते, पहिल्या नोकरीतला पोऱ्या मालकाकडं बघतो तसे. "मीठ कसं हुतं?"

अकरा स्वयंपाकघरांचा मी प्रमुख. नुसत्या वासावरून हिंग कुठला ते सांगणारा. मी आठवून बघितलं. चटका आठवला, खाकरणं आठवलं, म्हैस आठवली. चव आठवेना. कारण चव घ्यायला मी थांबलोच नव्हतो.

"बरोबर होतं आबा," मी म्हणालो. "तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही."

आबांचा चेहरा असा खुलला की बघवेना. त्यांनी उजवी मूठ उघडली, तिच्याकडं बघितलं, पुन्हा मिटली आणि म्हणाले, "मंग झालं."